पांढरा गरगट्टा

आमच्या घरात फुलकोबीचा गरगट्टा पहिल्यांदा झाला, त्या दिवशी तो कुणाच्या पोटात गेला नाही. आप्पांनी एक घास तोंडात घातला, थुंकला आणि ताट आईच्या अंगावर भिरकावलं. ताट चुकलं, गरगट्टा चुकला नाही. निम्मा तिच्या गळ्यावर बसला, निम्मा भिंतीवर. गळ्याखाली टरटरून फोड आले. भिंतीवरचा मी उलथन्यानं खरवडला आणि कोंबड्यांपुढं टाकला. कोंबड्यांनी चोच लावली आणि त्या निघून गेल्या. त्या बाबतीत आप्पांचं चुकलं नव्हतं.

आता मी शाळेत मास्तरीण आहे. साखरेचा आजार झालेल्या माणसाला काय खायला घालावं असं विचारायला बायका येतात, तेव्हा मी त्यांना हाच गरगट्टा सांगते. तुरे मोडायचे, मिठाच्या पाण्यात टाकून अळ्या काढायच्या, बोटानं दाबल्यावर विरेल इतकं शिजवायचं, घट्ट पिळायचं, पाट्यावर वाटायचं, मग लोणी, लसूण, मिरपूड आणि दाट साय घालून मंद विस्तवावर घोटायचं. मऊ लागतो, भाताची आठवण येत नाही. बायका खूश होऊन जातात. मी तो कुठं शिकले हे त्यांना सांगत नाही. इथं सांगते.

आमचं गाव खानापूरच्या पलीकडं, रानाच्या कडेला. घरची भातशेती होती, आणि आप्पा लोंढ्याच्या बाजूला लाकडाच्या गाड्याही हाकायला लावत. माणूस उंच, रुंद, देखणा. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. घरात त्यांच्या लाथेला होता. आप्पा हातानं क्वचित मारत. हात फार तर फुंकणी किंवा बैलाचा चाबूक घ्यायला. खरं काम उजव्या पायाचं. बसलेल्या बाईला उभा पुरुष लाथ मारतो तेव्हा त्याला वाकावंसुद्धा लागत नाही, आणि बाई तर दिवसभर बसलेलीच असते. चुलीपुढं, पाट्यापुढं, विळीपुढं, उष्ट्या भांड्यांपुढं.

मी बारा वर्षांची असताना आईला सातवा महिना होता. आमटीत मीठ कमी पडलं. एवढंच. ती ताटासमोर पंखा घेऊन बसली होती. त्या लाथेनं ती कुशीवर कलंडली आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. मुलगा होता, असं सुईण म्हणाली. आप्पांनीच खाचराच्या बांधाला खड्डा काढून त्याला पुरला आणि घरी येऊन जेवायला मागितलं. आईनं वाढलं. मी म्हणतेय म्हणजे खरंच वाढलं, उठून, भिंतीला धरून. त्या दिवशी मला आप्पांपेक्षा आईचाच जास्त राग आला. हा राग मी चार वर्षं बाळगला. त्याबद्दल मी तिची माफी कधी मागितली नाही, आणि आता मागायला ती नाही.

पायाला जखम झाली तीही लाथेपायीच. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आई विळीवर वांगी चिरत होती. कुणीतरी बैलाची दावण बाहेर दवात टाकली म्हणून आप्पा तणतणत आत आले आणि त्यांनी बाजूनं तिच्या कमरेवर लाथ उगारली. नेमक्या त्याच क्षणी एक वांगं घरंगळलं आणि ते धरायला आई पुढं वाकली. तिनं चुकवलं नाही हो, चुकवायची तिची छातीच नव्हती. ती वांगं धरायला वाकली. पाय गेला तो थेट विळीच्या पात्यावर. अंगठ्यापासून तळव्यापर्यंत उभा चिरला.

"मला मारालीस व्हय गं? नवऱ्यावर विळी धरलीस?" असं ओरडत आप्पांनी रक्ताळल्या पायानिशी फुंकणी उचलली. आईनं डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण ते वाकडंच सांधलं. त्यानंतर आईला पाट्यावर वरवंटा ओढता येईना, म्हणून घरचं वाटण माझ्याकडं आलं.

आप्पांची जखम भरेना. हळद झाली, एरंडेलाचा बोळा झाला, मांत्रिक येऊन कोंबडं घेऊन गेला. मग एक दिवस आईनं मला परसात नेऊन दाखवलं. आप्पा लघवीला बसत तिथं लाल मुंग्यांची रांग लागली होती. आम्ही त्यांना खानापुरात आगगाडीत घातलं आणि बेळगावला नेलं.

तिथल्या लष्करी कॅम्पातला डॉक्टर म्हातारा होता, सैन्यात नोकरी करून आलेला. त्यानं काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात आप्पांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं.

"साखर," डॉक्टर म्हणाला. "हे पाणी निळंच राहिलं पाहिजे. तोवर ही जखम सुकायची नाही. भात बंद, भाकरी बंद, बटाटा, रताळं, गूळ, सगळं बंद. शिवरात्रीपर्यंत पथ्य पाळलंत तर पाय राहील. नाही पाळलंत तर इथून कापावा लागेल." आणि त्यानं आप्पांच्या गुडघ्याखाली बोट ठेवलं.

"भात न्हाय खायाचा तर खाऊ काय? मला काय रोज उपास हाय व्हय?" आप्पा म्हणाले. भातखाचरात जन्मलेल्या माणसाला भात सोडायला सांगणं म्हणजे काय, ते डॉक्टरला कुठलं कळायला. त्यानं आपल्या गोव्याकडच्या स्वयंपाक्याला हाक मारली. कॅम्पातल्या साहेबलोकांच्या मळ्यात थंडीत फुलकोबी पिकायची. बटाट्याऐवजी ती शिजवून लोणी-साय घालून घोटायची, असं स्वयंपाक्यानं आम्हाला उभ्याउभ्या सांगितलं. आम्ही टोपलीभर फुलकोबी घेऊन गाडीत बसलो. पुढंही दर आठवड्याला बाजाराला जाणाऱ्या गाडीवानाकडून ती येत राहिली.

पहिला कसा झाला ते सांगितलंच. दुसराही तसाच. फुलकोबी पाणी सोडते. कितीही घोटली तरी ताटात गरगट्टा एकीकडं आणि पाणी दुसरीकडं पळायचं. आप्पा एका बोटानं ते पाणी ताटभर फिरवत आणि मग आईकडं बघत. त्या बघण्यानंतर काय येणार हे आम्हा दोघींना ठाऊक असायचं. दुखऱ्या पायानं लाथ मारता येत नव्हती म्हणून चाबूक कामाला आला होता. एकदा मी मध्ये पडले तर त्यांनी तापलेला डाव माझ्या दंडावर टेकवला. ती खूण अजून आहे, पोलक्याच्या बाहीखाली झाकते.

पण एवढं करूनही ते गिळत होते, कारण पायाची भीती त्यांना होती. महिन्यानं आम्ही परत कॅम्पात गेलो तेव्हा नळीतलं पाणी लाल झालं नाही, हिरवट झालं. जखमेच्या कडा सुकायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, "शाब्बास. असंच चालू द्या."

असंच चालू द्या! आईच्या पाठीवर चाबकाचे वळ होते आणि पदराखाली गळ्यावर फोडांचे डाग. नवऱ्याचा पाय वाचवायचा तर बायकोची पाठ रोज सोलून निघायला हवी, असा तो हिशेब होता. गाडीत परत येताना मी आईच्या कानात म्हटलं, "जाऊ दे की त्यो पाय."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगंस गं. कुकू हाय माझं."

त्यानंतर दोन दिवसांनी गरगट्टा अचानक चांगला झाला. दाट, गुळगुळीत, पांढराशुभ्र, डाव उभा राहील असा. आप्पांनी पहिला घास घेतला आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. "हां. आता जमलं बघ," असं म्हणाले. त्या घरात स्वयंपाकाला मिळालेली ती मी ऐकलेली पहिली शाबासकी. मला वाटलं, वाटणावर माझा हात बसला. मी दिवसभर फुगून बसले.

तिसऱ्या दिवशी फुलकोबीचं वाटण घेऊन आत आले तेव्हा आई चुलीवरच्या पातेल्यात गाडग्यातून काहीतरी ओतत होती. पेज होती. आमची, घरच्यांसाठी सकाळी शिजवलेली, घट्ट, दुधासारखी.

"आये, डाक्तरनं भात बंद सांगितलाय."

"भात कुठं हाय ह्यात? शीत तरी दिसतंय काय तुला? पेज म्हंजे पानी. तापातल्या मानसाला बी देतोय की आपन."

आणि मला ते पटलं. वाचणाऱ्याला हसू येईल, पण आमच्याकडं गरगट्टा म्हटला की त्याला पीठ नाहीतर पेज लावायचीच, त्याशिवाय तो मिळून येत नाही. आणि पेज कुणी अन्नात धरतच नाही. उपाशी माणूससुद्धा विचारलं तर सांगतो, काय न्हाय खाल्लं, नुसती पेज पिलो. डॉक्टरनं बंद केलेल्या गोष्टींत पेजेचं नाव नव्हतं. मी पुन्हा पाट्याकडं गेले.

ते तीन आठवडे आमच्या घरातले सर्वांत शांत दिवस होते. कुणाला मार बसला नाही. आईच्या पाठीवरच्या खपल्या पडल्या. आप्पा ताटावर बसले की आईचे खांदे पहिल्यासारखे वर चढत नसत. एकदा तर ती वाटीत उरलेला गरगट्टा बोटानं चाटताना मला बघून हसली. वाटीभर पेजेवर एवढं सुख मिळतं, हे मला आधी कळलं असतं तर मी हंडाभर ओतली असती.

पुढच्या खेपेला कॅम्पात नळीतलं पाणी पहिल्यापेक्षा लाल झालं.

अंगठ्याच्या कडेला काळसर डाग आला होता. डॉक्टर भडकला. आप्पांनी स्वतःच्या आईची शपथ घेतली, कुलदैवताची घेतली, गरगट्ट्याशिवाय काही खाल्लं नाही म्हणाले. ते खरंच बोलत होते, जन्मात एकदा. डॉक्टरनं त्यांना बाहेर पट्टी बांधायला बसवलं आणि आम्हा दोघींना आत बोलावलं.

"गरगट्ट्यात काय काय घालता?"

 मी म्हटलं, "फुलकोबी, लोणी, साय, लसूण... आणि पेज."

 डॉक्टरनं स्वयंपाक्याकडून वाटीभर पेज मागवली आणि जखमेला लावायच्या औषधाचा एक थेंब त्यात टाकला. पांढरी पेज काळीनिळी झाली. "हे काळं झालं ना, हे सगळं भाताचं सत्त्व आहे. भात खाल्ला काय आणि हे प्यालं काय, सारखंच. पोटात जाऊन त्याची साखर होते. आजपासून एक थेंब नको." मग त्याचं लक्ष आईच्या वाकड्या मनगटाकडं गेलं आणि तिथंच राहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना मी हे सांगणार नाही. पण अजून महिनाभर जरी असं झालं, तर पाय गेलाच समजा."

दाट करायची युक्ती निघताना स्वयंपाक्यानं सांगितली. शिजलेली फुलकोबी पंच्यात बांधायची, पिळायची, वर धोंडा ठेवायचा. पाणी गेलं की पेजेची गरज नाही.

परतीच्या गाडीत आप्पा शिव्या देत होते, डॉक्टरला, इंग्रजाला, आम्हाला. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्याकडं दोनदा बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फुलकोबी शिजवली, पंच्यात बांधली, पिळली, त्यावर जात्याची तळी ठेवली. तासाभरानं सोडली तर आतून खव्यासारखा गोळा निघाला. वाटला, आईच्या हातात दिला. तिनं लोणी घातलं, साय घातली, डावानं घोटला. मिळून आला होता. थेंबभर पाणी सुटत नव्हतं. मी म्हटलं, "बघ आये, जमलं की."

"व्हय," आई म्हणाली आणि तिनं पेजेचं गाडगं उचललं.

मी तिचं मनगट धरलं. तेच, वाकडं. तिनं सोडवून घेतलं नाही. माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली. चुलीचा जाळ तिच्या तोंडावर होता, आणि त्या तोंडावर राग नव्हता, रडं नव्हतं, काहीच नव्हतं. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "आन लवकर! का येऊ आत?" त्यांचा पाय फरशीवर घसटल्याचं ऐकू आलं. जरा बरा होता त्या दिवशी, टेकवता येत होता.

"पानीच हाय गं ते," आई म्हणाली.

तेच शब्द. पण आता त्यांचा अर्थ आम्हा दोघींना माहीत होता. मला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या खाली आनंद होता, हेही लिहिते. बांधावरचा तो खड्डा माझ्या डोळ्यांपुढं आला. मी मनगट सोडलं. तिनं गाडगं पालथं केलं.

त्यानंतर रोज. ती ओतायची, मी वाटायची. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आप्पा मिटक्या मारत खायचे. शिवरात्रीच्या आधी अंगठा काळा पडला, मग शेजारची दोन बोटं. खोलीत उभं राहवत नव्हतं असा वास सुटला. तापात ते बरळायचे, आईला जवळ बोलवायचे आणि आली की तिचे केस धरून डोकं खाटेच्या कडेच्या लाकडी गाताला आपटायचे. मरायला टेकले तरी हाताची पकड काही ढिली नव्हती. शेवटी चार माणसांनी उचलून त्यांना बैलगाडीत घातलं, तिथून आगगाडीत. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात क्लोरोफॉर्म देताना त्यांनी एका नोकराच्या कानफटात मारली. पाय गुडघ्याखाली कापला. जिथं डॉक्टरनं बोट ठेवलं होतं, तिथंच. वाचले हे नशीब, असं सगळे म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरी आणलं त्या दिवशी पाणी द्यायला उशीर झाला म्हणून त्यांनी कुबडी फेकली. ती माझ्या खांद्याला लागून दाराबाहेर गेली. मग त्यांनी आईकडं झेप घ्यायला अंग उचललं, सवयीनं, आणि उजव्या कुशीवर धाडकन पडले. आई दोन पावलं मागं सरकली. फक्त दोन. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती त्यांच्याकडं बघत राहिली. ते जमिनीवरून हात लांब करत होते, पोचत नव्हते. इतक्या वर्षांत तिनं दोन पावलं मागं घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मग ती स्वयंपाकघरात आली. मी फुलकोबी वाटून ठेवली होती आणि रोजच्यासारखं पेजेचं गाडगंही चुलीजवळ आणून ठेवलं होतं. तिनं ते उचललं, परसात नेलं आणि म्हशीच्या आंबोणात ओतून आली.

"आता नगं," ती म्हणाली. "जगाय पायजेत त्येनी."

मी तोंडात बोट घालून उभी राहिले. तिनं गरगट्टा घोटला, लोणी जरा जास्तच घातलं, ताट उंबऱ्यातून आत सरकवलं आणि बाहेरच बसली. कपाळावर कुंकू होतं, नेहमीएवढंच.

पुढच्या खेपेला कॅम्पात निळं पाणी निळंच राहिलं. डॉक्टर मला म्हणाला, "तुझ्या आईनं या वेळी पथ्य चोख सांभाळलं हो." मी हो म्हटलं. त्यानंतर आप्पा अकरा वर्षं जगले. आईनं रोज स्वतःच्या हातानं त्यांना गरगट्टा करून घातला, थंडीत फुलकोबीचा, एरवी दुधीचा, एक दिवस चुकवला नाही. त्या अकरा वर्षांत तिला एकही लाथ बसली नाही.